सगळे कामात, फाइल जागच्या जागी

लोअर परळला नोकरी करणाऱ्या एका मित्राने मध्यंतरी त्याच्या विभागाच्या डॅशबोर्डचा फोटो पाठवला. वर हिरव्या अक्षरांत ‘टीम युटिलायझेशन ९७ टक्के’. खाली लाल अक्षरांत ग्राहकाचा अर्ज निकाली निघायला लागणारा सरासरी वेळ, आणि तो दर तिमाहीला वाढतच चाललेला. साहेबांनी बैठकीत काढलेला निष्कर्ष असा, की माणसं ९७ टक्के वेळ कामात असूनही उशीर होतोय, तेव्हा उरलेले ३ टक्केही कामाला जुंपले पाहिजेत.

साहेब एकटे नाहीत. रिकामा बसलेला माणूस म्हणजे बुडालेला पगार, हे आपल्याकडे दुकानाच्या गल्ल्यापासून कॉर्पोरेट बोर्डरूमपर्यंत सगळ्यांना पटलेलं आहे. पण त्या फोटोतले दोन आकडे एकमेकांच्या विरोधात नाहीतच. वरचा इतका हिरवा आहे म्हणूनच खालचा लाल आहे. यामागे शंभरेक वर्षं जुनं गणित आहे आणि माझ्या मते उपयोजित गणितातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी ती एक आहे.

सुरुवात टेलिफोनपासून झाली. आग्नर क्रारूप एरलांग हा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत कामाला होता. फोन येण्याच्या वेळा कुणाच्या हातात नसतात, मग एक्स्चेंजमध्ये लाइन किती ठेवायच्या? १९०९ मध्ये त्याने या प्रश्नावरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ मध्ये लाइन न मिळण्याची शक्यता व थांबावं लागणारा वेळ यांची सूत्रं दिली. रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं. दूरसंचारात भाराच्या एककाला आजही ‘एरलांग’ म्हणतात.

सूत्राकडे जाण्याआधी खिशातून एक नाणं काढा. समजा, एका टेबलावर एक कारकून बसलाय आणि त्याला एका अर्जाला बरोबर दहा मिनिटं लागतात. दर दहा मिनिटांनी आपण नाणं उडवायचं. छापा पडला तर दोन अर्ज आले, काटा पडला तर एकही नाही. म्हणजे दहा मिनिटांत सरासरी एक अर्ज येतो आणि एकच निकाली निघू शकतो. जमाखर्च जुळला, माणूस शंभर टक्के कामात. साहेबांचा स्वर्ग.

आता चार वेळा नाणं उडवलं आणि छापा, छापा, काटा, काटा असं पडलं. पहिल्या दहा मिनिटांत दोन आले, एक झाला, एक उरला. दुसऱ्या खेपेला आणखी दोन, एक झाला, दोन उरले. पुढच्या दोन खेपा कुणी आलंच नाही, तेवढ्यात उरलेले दोन्ही उरकले. टेबल साफ. आता हाच क्रम उलटा करू: काटा, काटा, छापा, छापा. पहिली वीस मिनिटं कारकून हात बांधून बसला, कारण करायला कामच नव्हतं. नंतर दोन अधिक दोन आले, त्यांतले दोन झाले आणि दोन टेबलावर राहिले. अर्ज तेवढेच, कारकून तोच, वेगही तोच. तरी एकदा टेबल रिकामं, एकदा दोन अर्ज शिल्लक.

फरक पडला तो त्या वीस मिनिटांमुळे. रिकामा वेळ साठवून ठेवता येत नाही. अर्ज साठतात. सकाळी वाया गेलेली वीस मिनिटं दुपारच्या गर्दीत कुणी परत आणून देत नाही, सकाळी शिल्लक राहिलेले दोन अर्ज मात्र दुपारी टेबलावर हजर असतात. ‘सरासरीने सगळं बरोबर होईल’ ही समजूत इथे मार खाते. रांग शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, वर मात्र हवी तेवढी जाते. हा खेळ असाच चालू ठेवला तर शंभर खेपांनंतर सरासरी सातेक अर्ज पडून असतात आणि चारशे खेपांनंतर पंधराएक. खेपा चौपट झाल्या की रांग साधारण दुप्पट होते आणि ही वाढ कधीच थांबत नाही. कुणीही कामचुकारपणा केलेला नाही, कुणी रजेवर नाही, तरीही.

यावर उपाय एकच, भार, म्हणजे एकूण वेळातला कामात जाणारा हिस्सा, शंभर टक्क्यांपेक्षा कमी ठेवायचा. किती कमी, ते सूत्र सांगतं. अर्ज येण्याच्या वेळा आणि प्रत्येकाला लागणारा वेळ दोन्ही बेभरवशाचे असतील आणि टेबल एकच असेल, तर रांगेत थांबण्याचा सरासरी वेळ येतो:

भार ÷ (१ − भार) × एका कामाचा सरासरी वेळ

एका कामाला सहा मिनिटं धरा. भार ५० टक्के असेल तर रांगेत सहा मिनिटं जातात. ८० टक्क्यांना २४ मिनिटं, ९० टक्क्यांना ५४ मिनिटं, ९५ टक्क्यांना जवळपास दोन तास. मित्राच्या डॅशबोर्डवरच्या ९७ टक्क्यांना सव्वातीन तास. आणि साहेबांनी जोर लावून ९९ टक्के गाठलेच तर ५९४ मिनिटं, म्हणजे ऑफिसच्या एका दिवसापेक्षा जास्त. ८० वरून ९७ वर गेल्याने काम वाढलं फक्त २१ टक्क्यांनी, वाट बघणं वाढलं आठपट. छेदात (१ − भार) बसलाय, त्याचे हे प्रताप. भार एकाच्या जवळ सरकतो तसा छेद शून्याकडे जातो आणि शून्याने भागलं की काय होतं ते शाळेत शिकवलेलं असतं.

आपल्या ऑफिसांत एक फाइल एका टेबलावर कधीच संपत नाही. ती पाच टेबलं फिरते. प्रत्येक टेबलावर सहा मिनिटांचं काम आणि प्रत्येक माणूस ९५ टक्के कामात असेल, तर अर्ध्या तासाच्या कामासाठी फाइल साडेनऊ तास नुसती पडून राहते. चौकशीला गेलात की पाचही टेबलांवरची माणसं तुम्हाला मान वर न करता काम करताना दिसतात. ती खोटं काम करत नसतात.

यापुढचा परिच्छेद थोडा जड आहे, वगळलात तरी चालेल. पण मला तो गाळवत नाही. १९६१ मध्ये जॉन किंगमन या ब्रिटिश गणितज्ञाने वरच्या सूत्राचं व्यापक रूप दिलं. भार जास्त असताना थांबण्याचा वेळ अंदाजे तीन गोष्टींच्या गुणाकाराइतका असतो. पहिली, तीच आपली भार ÷ (१ − भार). तिसरी, एका कामाचा सरासरी वेळ. आणि मधली गोष्ट म्हणजे अनियमितता: (येण्यातल्या चढउताराचा वर्ग + कामाच्या वेळेतल्या चढउताराचा वर्ग) ÷ २. इथे चढउतार म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी. दोन्ही चढउतार १ धरले की मधली गोष्ट १ होते आणि वरचं सूत्र परत मिळतं. दोन्ही निम्मे केले, म्हणजे ०.५, तर वर्ग होतो ०.२५ आणि थांबण्याचा वेळ थेट एकचतुर्थांशावर येतो. माणूस वाढवला नाही, वेग वाढवला नाही, फक्त काम सुसूत्र आलं आणि सुसूत्र झालं.

म्हणून कार्यक्षमता वाढवायला हातात तीन दोऱ्या असतात: भार कमी करणं, अनियमितता कमी करणं आणि मूळ काम लवकर उरकणं. कन्सल्टंट मंडळींचा सगळा जीव तिसरीवर. दुसरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. ‘सर्वांनी सकाळी नऊ वाजता हजर राहावे’ ही आपल्याकडची लाडकी सूचना म्हणजे स्वतःच्या हाताने चढउतार वाढवण्याचा प्रकार आहे. ठरलेल्या वेळा देऊन माणसं बोलावली तर त्याच कर्मचाऱ्यांत रांग ओसरते. रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांसाठी नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्येच हा हिशोब मांडला होता.

पहिली दोरी कशी ओढतात, ते मुंबई विमानतळावर दिसलं. आपल्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासांत ४६ विमानांची ये-जा व्हायची. विमानांना शहरावर ४०-६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात आणि त्यात तासाला सुमारे २००० किलो इंधन जळतं, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच सांगितलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या तासांतली मर्यादा ४६ वरून ४४ वर आणली गेली. तासाला दोन विमानं कमी! ‘एवढ्याने काय होणार’ ही प्रतिक्रिया तेव्हा मी बऱ्याच जणांकडून ऐकली. विमानतळ काही एका टेबलाइतका साधा नाही, पण सूत्राची चव घ्यायला हरकत नाही: भार ९८ टक्क्यांवरून ९४ टक्क्यांवर आला तर प्रतीक्षेचा गुणक, म्हणजे भार ÷ (१ − भार), ४९ वरून साधारण १६ वर येतो. टोकापाशी चार टक्क्यांची किंमत एवढी असते.

कार्यक्षमतेचा विषय मुंबईत निघाला की डबेवाले आलेच. त्यांना ‘सिक्स सिग्मा’, म्हणजे जवळजवळ बिनचूक कामाचं प्रमाणपत्र मिळालंय, ही कथा आपण अभिमानाने फॉरवर्ड करत असतो. एका परदेशी मासिकाने १९९८ मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तिथून ती पसरली. मासिकं लेख छापतात, प्रमाणपत्रं वाटत नाहीत. या कथेच्या नादात डबेवाल्यांकडून शिकण्यासारखं जे आहे ते बाजूलाच पडतं. त्यांच्या गटात दोन-तीन माणसं जादा असतात. कुणाची सायकल पंक्चर झाली, कुणी आजारी पडला, तर तो भाग उचलायला. युटिलायझेशनच्या तक्त्यात ही माणसं लाल रंगात दिसली असती. शिवाय डबा ठरलेल्या वेळी तयार ठेवण्याबाबत ते कडक असतात. वारंवार उशीर करणाऱ्या घराचा डबा सोडून देण्यापर्यंत. किंगमनच्या मधल्या गोष्टीवर, म्हणजे अनियमिततेवर, त्यांनी न शिकता बोट ठेवलंय. कॅश काउंटरचं तोंड ईशान्येला फिरवून धंद्याची गती वाढवणाऱ्या वास्तुतज्ज्ञांपेक्षा दादर स्टेशनबाहेर डबे लावणारी ही माणसं मला कितीतरी अधिक शास्त्रीय वाटतात.

आणखी एक फुकटचा उपाय आहे, रांगा एकत्र करणं. रेल्वेच्या तिकीट खिडक्यांपुढे प्रत्येक खिडकीची वेगळी रांग असते आणि आपली सोडून शेजारची पुढे सरकते. यात नशिबाचा भाग नाही. तीन रांगा असतील तर आपली सर्वांत वेगवान असण्याची शक्यता तीनात एक, उरलेल्या वेळा दुसरी कुठली तरी पुढे असणारच. तीन खिडक्यांवर प्रत्येकी ९० टक्के भार असेल तर वेगळ्या रांगांत नऊ कामांइतका वेळ थांबावं लागतं. त्याच तीन खिडक्यांना मिळून एकच रांग लावली तर तो २.७ कामांवर येतो, कारण एक खिडकी रिकामी आणि शेजारी चार माणसं ताटकळत असं होऊच शकत नाही. बँकांनी टोकन मशीन बसवून हे केव्हाच साधलं. ऑफिसांत मात्र ‘ही फाइल सावंतांकडेच जाणार’ हा हट्ट अजून सुटत नाही.

आपल्या ऑफिसात नेमकं कुठे तुंबलंय हे पाहायला सॉफ्टवेअर लागत नाही. टेबलावर किती अर्ज पडलेत ते मोजायचे आणि रोज सरासरी किती निकाली निघतात त्याने भागायचं. १२० पडलेत आणि रोज २० निघतात, तर आज आलेल्या अर्जाला सहा दिवस लागणार. हा जॉन लिटल यांचा नियम, सिद्धता १९६१ चीच. येणं आणि निघणं दीर्घकाळात जुळत असेल तर तो कुठल्याही रांगेला लागू पडतो, अनियमितता कितीही असो.

मित्राने हे सगळं ऐकून घेतलं आणि रास्त प्रश्न विचारला. ८५ टक्क्यांवर टीम ठेवायची म्हणजे १५ टक्के पगार कुठल्या खात्यात दाखवायचा? साहेब विचारणारच. यावर रांगशास्त्राकडे एक व्यवहारी तोड आहे. मोकळ्या वेळासाठी असं काम ठेवायचं जे अर्ज आला की तिथल्या तिथे सोडता येतं: जुन्या कागदांचं स्कॅनिंग, ग्राहकांचे बदललेले पत्ते दुरुस्त करणं, नव्या मुलाला शिकवणं. अर्जांच्या दृष्टीने हे काम अस्तित्वातच नसतं, त्यामुळे त्यांची रांग वाढत नाही. अट एवढीच, की त्या स्कॅनिंगला मुदत लावायची नाही. ‘महिनाअखेरपर्यंत दोन हजार पानं’ असा मेल निघाला, की स्कॅनिंगही त्याच रांगेत येऊन उभं राहतं आणि भार पुन्हा ९७ वर.