विविधता-खर्च आणि परकीय निधी (अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठे)

अमेरिकेत राज्य सरकारांच्या अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठांच्या हिशेबातील या दोन वादग्रस्त बाबी. पहिली म्हणजे विविधता, समता व समावेशन (डीईआय) उपक्रमांवरील खर्च. दुसरी म्हणजे परदेशांतून येणाऱ्या देणग्या व करारांचे पैसे. राजकीय चर्चेत त्या जोडीने येत असल्या, तरी एकीत पैसा कशावर जातो हा प्रश्न असतो, दुसरीत तो कोणाकडून येतो हा.

विविधता-खर्चाचा आकडा व्याख्येवर ठरतो. त्यात फक्त विविधता अधिकाऱ्यांचे पगार धरावेत, की अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी आणि घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलांसाठीची शिकवणीही? यांतल्या काही सोयी संघीय कायद्यानेच बंधनकारक आहेत. म्हणून काय मोजले हे न सांगता दिलेला आकडा दिशाभूल करतो. फ्लॉरिडाने २०२३ च्या कायद्याने अशा उपक्रमांवर सरकारी निधी खर्चण्यास मनाई केली, मात्र विद्यार्थ्यांनी चालवलेल्या संघटनांना विद्यार्थी-शुल्कातून मदत देण्याची मुभा ठेवली. मार्च २०२४ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठाने आपले विविधता कार्यालय बंद करून सुमारे ५० लाख डॉलर प्राध्यापक भरतीकडे वळवले. टेक्सासचा असाच कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. अध्यापन व संशोधन त्यातून वगळले आहे. तरीही एप्रिलमध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुमारे ६० नोकऱ्या गेल्या.

सगळ्याच गोष्टींना पैसा लागतो असेही नाही. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द घातला. त्यामागे दलित विद्यार्थ्यांची आणि आंबेडकरी कार्यकर्त्यांची चिकाटी होती. खर्चाच्या तक्त्यात या बदलाची किंमत शोधून सापडणार नाही, पण आडनावावरून जात ताडली जाण्याचा अनुभव असलेल्या विद्यार्थ्याला ती नेमकी कळते.

परकीय निधीचे नियम जुने आहेत. उच्च शिक्षण कायद्यात १९८६ मध्ये आलेल्या कलम ११७ नुसार एका परकीय स्रोताकडून एका वर्षात अडीच लाख डॉलर किंवा अधिक मिळाल्यास विद्यापीठाने ते जाहीर करावे लागते, खासगी विद्यापीठांनीही. अनेक वर्षे त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. २०१९ मध्ये संघीय शिक्षण विभागाने चौकशा सुरू केल्यावर सुमारे ६५० कोटी डॉलरची आधी न कळवलेली रक्कम उघड झाली. फ्लॉरिडाने २०२१ मध्ये स्वतःच्या कायद्यात ही मर्यादा ५० हजार डॉलरवर आणली.

परकीय पैसा म्हणजे संशयास्पद पैसा, असे समीकरण मात्र चुकीचे आहे. मुंबईच्या टाटा ट्रस्ट्सनी २०१६ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला ७ कोटी डॉलर दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेत मलेरियाचा प्रसार रोखण्यासाठी डासांच्या जनुकांवर संशोधन चालते. दुसरीकडे, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या परकीय निधीची चौकशी शिक्षण विभागाने एप्रिल २०२५ मध्ये सुरू केली; तिला चीनमधील त्सिंगह्वा विद्यापीठासोबत शेन्झेनमध्ये काढलेल्या संयुक्त संस्थेचाही संदर्भ होता. देणगीदाराचे नाव, रक्कम आणि अटी या तिन्ही गोष्टी लोकांसमोर असतील, तरच अशा दोन प्रकरणांतला फरक पारखता येतो.