सबवूफर पेटी (पिकअप ट्रकमधील)

सबवूफर पेटी : साधारणतः २० ते ८० हर्ट्‌झ कंप्रतेचा खर्जातला आवाज देणारा स्पीकर ज्या खोक्यात बसवतात ते खोके, रूढ नाव ‘बॉक्स’. स्पीकरच्या पडद्यापुढची आणि मागची लहर परस्परविरुद्ध कलेत असते, म्हणजे एकीचा चढ तेव्हा दुसरीचा उतार. उघड्यावर त्या एकमेकींना खोडतात. मागची लहर कोंडणे किंवा तिची कला फिरवून ती कामी आणणे, हे पेटीचे कार्य. पिकअप ट्रकला डिकी नसते. मागच्या सीटखालची किंवा पाठीमागची अरुंद जागा एवढीच हाताशी असते, म्हणून घनफळाचा हिशेब येथे फार काटेकोर करावा लागतो.

लहान हवाबंद पेटीचे श्रेय कोणाचे, यावर मतभेद आहेत. रूढ मतानुसार ते अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांचे. बंदिस्त हवेलाच स्प्रिंग मानणाऱ्या त्यांच्या रचनेचा स्पीकर १९५४ च्या सुमारास बाजारात आला व १९५६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. तथापि हॅरी ओल्सन यांच्या १९४९ च्या पेटंटात ही कल्पना आधीच आढळते, असा आक्षेप घेतला गेला. कल्पनेचा अग्रमान ओल्सन यांना द्यावा लागेल. पण पडद्याची टांगणी मुद्दाम सैल ठेवून बहुतेक ताठरपणा हवेवर सोपवण्याची शिस्त व्हिल्चर यांनी रुजवली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मागची लहर नळीवाटे बाहेर सोडणाऱ्या, म्हणजे नळीच्या (पोर्टेड) पेटीचे पेटंट त्याहून जुने आहे. ते बेल प्रयोगशाळेतील ए. एल. थुरास यांना १९३२ मध्ये मिळाले. नेव्हिल थीले (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७२-७३) यांच्या लेखनानंतर पेटीचे माप अंदाजाऐवजी गणिताने ठरू लागले.

हवाबंद पेटीसाठी तीन आकडे पुरतात : स्पीकरची अनुस्पंदन कंप्रता (ज्या कंप्रतेला तो आपोआप सर्वाधिक डोलतो ती), क्यूटीएस (स्पीकरचा स्वतःचा क्यू, म्हणजे हे अनुस्पंदन किती तीव्र आहे ते सांगणारा आकडा) आणि व्हीएएस (स्पीकरच्या टांगणीइतकीच लवचीक असणाऱ्या हवेचे घनफळ). पेटीसह मिळणारा क्यू ०.७०७ असला की प्रतिसाद सपाट राहतो. या क्यूला क्यूटीएसने भागावे, येणाऱ्या संख्येचा वर्ग करून त्यातून १ वजा करावा व उरलेल्या संख्येने व्हीएएसला भागावे, की पेटीचे घनफळ मिळते. क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर असेल, तर सुमारे ४१ लिटर येतात.

हे घनफळ आतले असते, आणि चूक बहुधा इथेच होते. सीटच्या पाठीला टेकणारी पेटी पाचरीच्या आकाराची असते. आतून ९० सेंमी रुंद, ३५ सेंमी उंच, वर १० व खाली १८ सेंमी खोल अशी पेटी घेतली, तर सरासरी खोली १४ सेंमी धरून ४४ लिटर होतात. स्पीकरने व्यापलेले दोन-तीन लिटर वजा जाता वरचे माप जुळते. मात्र १९ मिमी जाडीच्या फळ्यांमुळे हीच पेटी बाहेरून मोजल्यास सुमारे ६५ लिटर भरते. शिवाय घनफळ जुळले तरी स्पीकरची बैठक जिथे आहे तिथली खोली त्याच्या चुंबकाला पुरली पाहिजे. म्हणून येथे उथळ बांधणीचे स्पीकर वापरतात.

नळीची पेटी जोरकस वाजते, पण तिला जागा जास्त लागते. पेटी लहान केली की त्याच कंप्रतेसाठी नळी लांब करावी लागते आणि ती नळी पुन्हा आतली जागा खाते. खालच्या टोकाला तिचा आवाज सप्तकाला २४ डेसिबलने घसरतो, हवाबंद पेटीचा १२ ने. बंद केबिनमध्ये खर्ज आपोआप वाढतो. अडीच मीटर लांबीच्या केबिनमध्ये ही वाढ साधारण ७० हर्ट्‌झच्या खाली सुरू होते आणि तत्त्वतः सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाते. काचा व पत्र्यातून काही दाब निसटतो, तरी हवाबंद पेटीची घसरण बरीचशी भरून निघते. ट्रकसाठी म्हणूनच ती अधिक योग्य ठरते. आधी जागा मोजावी आणि तिच्यात बसेल असा स्पीकर निवडावा. उलट क्रमाने गेल्यास पेटी सक्तीने लहान होते, क्यू वाढतो व खर्ज एकाच सुरात घुमू लागतो.

पेटीसाठी सहसा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) वापरतात. सांधे गोंदाने हवाबंद करतात. गळती असल्यास मोठ्या आवाजात सांध्यापाशी धरलेल्या हाताला हवेची फुंकर जाणवते.