पार्श्वभूमी: छोटा फोर्थ इंटरप्रिटर आणि १९८३ चा घोळ

स्टॅकवर (आकड्यांची चळत, शेवटी ठेवलेला आधी निघतो) चालणारी मशीन्स १९६१ च्या बी५००० कॉम्प्युटरपासून होतीच, पण आज लोक हौसेने जो दोनेकशे ओळींचा इंटरप्रिटर (कोड वाचून लगेच चालवणारा प्रोग्राम) लिहितात त्याचं मूळ फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेत. १९७० च्या आसपास अमेरिकेत एका रेडिओ दुर्बिणीच्या कंट्रोलसाठी ती वापरात आली. दशक संपता संपता ६५०२, ८०८० वगैरे प्रोसेसरांसाठी फोर्थच्या असेंब्लीतल्या (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेतल्या) छापील लिस्टिंग्ज फिरायला लागल्या, ज्याला हवं त्याने टाइप करून घ्यायचं, त्यामुळे जितके लिहिणारे तितक्या फोर्थ, मग १९७९ चं स्टँडर्ड आलं. इथपर्यंत ठीक होतं.

१९८३ च्या नव्या स्टँडर्डने मात्र चालू कोडच मोडला. स्टॅकच्या आतला आकडा वर कॉपी करणाऱ्या पिक या वर्डची (फोर्थमधली कमांड) मोजणी १ ऐवजी ० पासून झाली, ते एक वेळ सोडा. ट्रू, म्हणजे 'खरं' दाखवणारा फ्लॅगचा आकडा, १ होता तो -१ झाला. हे मला पटतं, कारण -१ म्हणजे सगळे बिट १, ते उलटवले की सरळ ० मिळतो, १ उलटवला तर -२ येतो आणि शून्य नाही म्हणून तोही खराच धरला जातो. पण फ्लॅग बेरजेत वापरून मोजणी करणाऱ्यांचे प्रोग्राम गंडले ते गंडलेच.

खरं भांडण भागाकाराचं. -७ २ / (म्हणजे -७ भागिले २) चं उत्तर आधी -३ यायचं, बाकी -१. आता -४ आणि बाकी १. मोटर किंवा दुर्बीण शून्याच्या पलीकडे-अलीकडे फिरताना बाकी सलग राहते, हा फायदा खराच आहे, पण ८०८६ प्रोसेसरची भागाकाराची इन्स्ट्रक्शन शून्याकडेच कापते (-३.५ चं -३), म्हणजे दर भागाकाराला जास्तीचं काम, आणि जुना कोड तपासत बसा ते वेगळंच. बरेच जण ७९ लाच चिकटून राहिले. १९९४ च्या स्टँडर्डने दोन्ही पद्धतींसाठी वेगळे वर्ड दिले आणि साध्या / चं काय ते बनवणाऱ्यावर सोडलं, फक्त डॉक्युमेंटमध्ये लिहा म्हणाले. तडजोड कसली, हात झटकले!

आता पायथॉनमध्ये दोन स्लॅश वापरून लिहिलेला इंटरप्रिटर -४ देतो, सी मध्ये लिहिलेला -३, कारण १९९९ पासून सी मध्ये शून्याकडेच कापायचं असं ठरलंय, आणि लिहिणाऱ्याने टेस्टमध्ये निगेटिव्ह आकडा टाकलेलाच नसतो.