दगड कुजतो कधी, वाहतो कधी: विदारण आणि क्षरण

दिंडोरी तालुक्यात मामांनी विहीर खणायला घेतली होती. यारीने वर काढलेल्या ढिगात नारळाएवढा एक गोटा दिसला. अंगठ्याने दाबला तर वरचं तपकिरी टरफल निघालं, त्याखाली दुसरं, मग तिसरं. आत लिंबाएवढा काळा, टणक दगड शिल्लक राहिला. निफाड-लासलगावच्या माणसाला उपमा शोधायला लांब जावं लागत नाही. हुबेहूब कांदा. मामा म्हणाले, “कुजका धोंडा आहे, फेक तिकडं.”

‘कुजका’ हा शब्द मला पाठ्यपुस्तकातल्या ‘विदारण’पेक्षा जास्त आवडतो, कारण खरी गोष्ट तोच सांगतो. तो गोटा जमिनीखाली आठ-दहा फुटांवर होता. तिथे ना नदी पोचते ना वारा. तो कुठून घरंगळत आला नव्हता, जागच्या जागी सोलला जात होता. हे विदारण.

त्याच शेताच्या खालच्या कोपऱ्यात जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वीतभर खोल ओघळ पडतात आणि बांधापाशी चहासारखं पाणी साचतं. तिथे माती जागा सोडते. हे क्षरण. आपण दोन्हीला सरसकट ‘झीज’ म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता त्या कांद्याचं. नाशिकचा सगळा पाया दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. त्या भेगांमुळे खडकाचे चौकोनी ठोकळे सुटे होतात. भेगांतून पाणी मुरतं आणि खडकातली खनिजं हळूहळू चिकणमातीत बदलतात, लोह गंजून तांबूस होतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेने लागतं, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन. त्यामुळे कोपरे आधी जातात आणि चौकोनाचा गोल होतो. याला पाण्याची ओल पुरते, पाण्याचा जोर लागत नाही. उन्हाने तापणं, रात्री गार होणं, झाडाची मुळं भेगेत शिरणं हेही विदारणच.

क्षरणाला मात्र वाहून नेणारं कुणीतरी लागतं. आपल्याकडे ते मुख्यतः वाहतं पाणी. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि येवल्याला पाचशेच्या घरात, म्हणून येवल्याची माती सुरक्षित, असं कुणी समजू नये. नांगरून उघड्या टाकलेल्या रानावर वळवाची एक जोरदार सर पुरते.

मध्ये एक तिसरा प्रकार लुडबुडतो. कुजलेला थर उतारावर पाणी पिऊन जड झाला की स्वतःच्या वजनाने खाली येतो. पुस्तकात त्याला ‘विस्तृत झीज’ म्हणतात, बातम्यांत ‘दरड कोसळली’. पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर जुलै २०१४ मध्ये डोंगर आला तो असाच. इथे पाणी निमित्त असतं, ओढणारं गुरुत्वाकर्षण.

हा फरक परीक्षेपुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. उपाय त्यावर ठरतात. विदारण थांबवता येत नाही आणि शेतात थांबवायचंही नसतं. मुरूम त्याचाच आणि काळी मातीही त्याचीच. द्राक्षाच्या मुळाशी पाणी साचून चालत नाही, म्हणून मुरमाड रान बागाईतदाराला चालतं. सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या यादवकालीन मंदिरात मात्र तेच विदारण शत्रू होतं, कारण तिथे दगडावर कोरलेले चेहरे आहेत. मग सांध्यांत पाणी मुरू द्यायचं नाही, शिखरावर उगवलेला पिंपळ कोवळा असतानाच काढायचा. सप्तशृंगी गडावर भेगाळलेल्या कड्याला पोलादी जाळ्या लावल्या, त्या सुटणारा दगड अडवण्यासाठी. तिथे बांधबंदिस्तीचा काही उपयोग नसतो.

क्षरणाचं औषध वेगळं: पाण्याचा वेग मोडणं. त्यासाठी डोंगरउतारावर समपातळीत खणलेले सलग समतल चर, बांधावर गवत, ओघळीत दगडांचे छोटे बांध. पण वेग मोडायचा म्हणजे पाणी कोंडायचं नव्हे. मामांनी एक वर्षी बांध दणकट घातला आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी जायला वाट, ठेवला नाही. तुंबलेलं पाणी एका रात्रीत बांध फोडून गेलं, आणि दहा वर्षांत गेली नसेल एवढी माती त्या भगदाडातून गेली. मामी अजून सुनावतात.

गेलेली माती कुठे जाते हे पाहायचं असेल तर नांदूरमध्यमेश्वरला जावं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा घातला, पाणी मंदावलं आणि वरून आलेला गाळ तिथे बसत गेला. त्याची बेटं झाली, दलदल झाली, पाणवनस्पती आल्या, मागोमाग पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे साठवणक्षमतेतली घट, पाणपक्ष्यांच्या हिशेबात चरायची जागा. दोघेही बरोबर आहेत.

मामांनी पुढच्या उन्हाळ्यात गावच्या तलावातला गाळ ट्रॉल्यांनी आणून त्याच कोपऱ्यात पसरला. त्यातली काही माती आपलीच असणार, असं त्यांचं म्हणणं. भाडं मात्र पूर्ण द्यावं लागलं. यंदा बांधाला सांडवा आहे.