जवस अंड्याच्या जागी, इसबगोल ग्लुटेनच्या जागी: अदलाबदल करू नका

"इसबगोल नसेल तर जवसाची पूड घाला, चालतं." ग्लुटेन-फ्री व्हीगन, म्हणजे गहू नाही आणि अंडी-दूधही नाही अशा रेसिप्यांमध्ये हे इतक्या वेळा वाचलंय की आता नीट लिहूनच टाकते. नाही चालत. म्हणजे काही पदार्थांत चालतं, पण लोक ज्यासाठी विचारतात ना, लाटायचं पीठ आणि फुगवायचा ब्रेड, तिथे अजिबात नाही. मग पीठ फाटतं, ब्रेड बसतो आणि दोष बिचाऱ्या ज्वारीच्या नाहीतर तांदळाच्या पिठाला.

जवस बहुतेकांच्या हातातलं आहे त्यामुळे पटकन उरकते. १ मोठा चमचा बारीक पूड म्हणजे साधारण ७ ग्रॅम, त्यात ३ मोठे चमचे पाणी, ५-१० मिनिटं ठेवायचं, एका अंड्याच्या जागी वापरायचं. अख्खे दाणे नाही, पूडच. घरच्या मिक्सरच्या छोट्या भांड्यात होते, थोडी थोडीच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा कारण जवसाचं तेल लवकर खवट होतं. चियाही ह्याच पार्टीतली.

गोंधळाचं मूळ असंय की ग्लुटेन-फ्री आणि व्हीगन दोन्ही एकदम करायला गेलं की स्वयंपाकात दोन वेगवेगळ्या जागा रिकाम्या होतात, आणि लोक त्या एकच समजतात. एक जागा अंड्याची. अंडं मिश्रण एकत्र धरतं, ओलावा देतं, उष्णतेने घट्ट होतं. दुसरी जागा ग्लुटेनची. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ह्या प्रथिनांचं एक जाळं तयार होतं, ते ताणलं तरी तुटत नाही आणि आतला वायू धरून ठेवतं, म्हणून गव्हाचं पीठ पातळ लाटता येतं आणि यीस्ट घातलं की फुगतं. जवस पहिल्या जागेवर बसतं. दुसऱ्या जागेसाठी इसबगोल लागतं. दोन्ही पाण्यात टाकल्यावर बुळबुळीत होतात म्हणून काम एकच असेल असं वाटतं, पण चिकटवणं वेगळं आणि ताण सहन करणं वेगळं.

पटत नसेल तर दोन वाट्या घ्या. दोन्हीत १०० मिली पाणी. एकीत ५ ग्रॅम जवसाची पूड, दुसरीत ५ ग्रॅम इसबगोल, आणि टाकताना लगेच ढवळा. १० मिनिटांनी बघा. जवसाच्या वाटीत थोडं दाटसर, बुळबुळीत पाणी आणि खाली बसलेली पूड, चमचा उचलला की तारेसारखं ओघळतं. इसबगोलच्या वाटीत पाणी मोकळं असं राहिलेलंच नसतं, थलथलीत गोळा होतो, चमच्याने ढकललं तर अख्खा हलतो आणि वाटी तिरकी केली तरी सांडायची घाई करत नाही. वजन तेवढंच, पाणी तेवढंच.

फरक एवढा का? जवसात वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास तेलच असतं, वर प्रथिनं, आणि बुळबुळीतपणा देणारा भाग फक्त दाण्याच्या सालीत. इसबगोल म्हणजे नुसतं साल, बी काढून टाकलेलं, जवळजवळ सगळाच तंतू आणि तोही पाणी धरून जेल करणारा. ग्लुटेन-फ्री पिठाला हेच पाहिजे असतं. मळताना ते जेल पिठाच्या कणांमध्ये पसरतं, त्यामुळे गोळा हाताने दाबला की वळतो, चिरत नाही, आणि ब्रेडमध्ये यीस्टचे बुडबुडे फुटून निघून जायच्या ऐवजी आत अडकतात.

ह्यावर हमखास येणारा प्रश्न, मग जवस जास्त घातलं तर? घालून बघितलेल्यांना विचारा. पीठ तपकिरी होतं, जड आणि तेलकट होतं, जवसाचा वास सगळ्यावर चढतो, आतून गिच्च राहतं आणि लाटलं की कडा तरीही फाटतात. कारण तुम्ही ताण वाढवलाच नाही, नुसतं तेल आणि भुसा वाढवला. प्रमाणाने सुटणारी गोष्ट नाहीये ही.

इसबगोल वापरायची पद्धत सांगते. पिठाच्या वजनाच्या साधारण ५ टक्के, म्हणजे २५० ग्रॅम पिठाला १२-१३ ग्रॅम. पाणी जवळपास पिठाच्या वजनाइतकं, पिठाप्रमाणे थोडं कमीजास्त. आधी वाडग्यात पाणी, मग एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने इसबगोल भुरभुरवायचं. उलटं केलं, इसबगोलवर पाणी ओतलं, की गुठळ्या होतात आणि त्या मग कशानेच मोडत नाहीत. ५-१० मिनिटांत जेल झालं की पीठ घालून हाताने मळा, कोरड्या पिठाचा एकही कण दिसेनासा होईपर्यंत सोडू नका. सुरुवातीला चिकट लागतं म्हणून लगेच पीठ वाढवू नका प्लीज, झाकून अर्धा तास ठेवा, पाणी मुरतं आणि गोळा आपोआप सुटा होतो. मशीन लागत नाही, वाडगा, हात आणि लाटणं पुरे.

आणि रेसिपीत "२ चमचे इसबगोल" लिहून मोकळे होणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. अख्खं साल की पूड? त्याच चमच्यात पूड वजनाला साधारण दुप्पट भरते, म्हणजे सालाचं माप पुडीला लावलं की रबर तयार. वजनकाटा घ्या, छोटा चालेल. मी अख्खं सालच वापरते, ढवळायला सोपं आणि गुठळ्या कमी. साखर आणि फ्लेवर घातलेलं, पोट साफ व्हायला मिळतं ते नको, साधंच घ्या. काही पुडींनी ब्रेडला जांभळट रंग येतो, तो खराब झाला असं नाही, पण दिसायला नको वाटत असेल तर दुसऱ्या ठिकाणची आणा. आणि ब्रेड पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, गरम कापला की आतून ओलसर चिकट लागतो आणि नीट भाजलेला ब्रेडही कच्चा वाटतो.

उलटी चूकही होते. कुकीत किंवा मफिनमध्ये जवसाऐवजी तेवढंच इसबगोल घातलं की ते सगळं पाणी ओढून घेतं, कुकी खुसखुशीत न होता चिवट होते. कटलेट, पॅनकेक, मफिन, कुकी, इथे जवसच. ब्रेडला मात्र जवस वरून चवीला हवं तर घाला, इसबगोल काढून नाही.

आता घरात फक्त जवस आहे आणि आजच करायचंय, तर बदली शोधू नका, पदार्थ बदला. लाटायचं सोडून द्या. तेच पीठ पाणी घालून ओतता येईल इतकं पातळ करा, एक मोठा चमचा जवसाची पूड टाका, १५ मिनिटं मुरू द्या आणि तापलेल्या तव्यावर पळीने ओतून पसरवा. ओतलेल्या पिठाला ताणावं लागतच नाही, फक्त एकत्र राहावं लागतं, आणि तेवढं जवस व्यवस्थित करतं. उलटायची घाई मात्र नको, कडा स्वतःहून सुटायला लागल्या की मगच उलथनं घाला.