घरच्या सोलरची देखभाल (कोल्हापूर)

सोलर वॉटर हीटरला कोल्हापुरात सगळे नुसतं 'सोलर' म्हणतात. त्याची देखभाल म्हणजे काचा पुसणं, ट्यूबमधला नि टाकीतला क्षार काढणं, कॉक, व्हॉल्व्ह, रबरी रिंगा बघणं आणि पावसाळ्याआधी टाकीतली पाणी तापवायची विजेची कॉईल तपासणं. पूर्वी तांब्याचा बंब होता तेव्हा राख रोज काढावीच लागायची, चिंच लावून घासावाही लागायचा, सोलरला रोजचं काहीच काम नाही म्हणून लोक पाच-पाच वर्षं गच्चीवर फिरकत नाहीत आणि मग पाणी कोमट आलं की सोलर गेला म्हणतात. खरंतर बऱ्याचदा सोलर गेलेला नसतोच, घाण, क्षार नाहीतर घरातलाच एखादा नळ यापैकी काहीतरी असतंय.

दोन प्रकार असतात. जुना म्हणजे सपाट पॅनलचा, आत तांब्याच्या नळ्या आणि वर कडक काच. दुसरा काचेच्या ट्यूबचा, आता जास्त करून हाच दिसतो, दुहेरी काच आणि दोन्हीच्या मधे हवा काढून टाकलेली. घरगुती सोलरला सहसा पंप नसतो, तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं आणि थंड खाली येतं, म्हणून वाटेत कुठं क्षार किंवा हवा अडकली की हे फिरणंच बंद पडतं, ऊन कितीही असू दे.

काच पुसायचं वेळापत्रक कोल्हापुरात उसाच्या हंगामावर ठरवावं असं माझं मत आहे. साधारण नोव्हेंबरपासून कारखाने नि गुऱ्हाळं सुरू होतात, फडात पाचट पेटवलं की काळी काजळी उडत येते, त्यात पहाटेचं दव पडलं की ती काचेवर चिकटूनच बसते, आणि नेमकं त्याच थंडीत गरम पाणी जास्त लागतं. या चार-पाच महिन्यांत पंधरा दिवसांतून एकदा तरी, बाकी वेळी महिन्यातून एकदा, मऊ फडकं आणि साधं पाणी. पण सकाळी ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

आता क्षार, खरं दुखणं हेच. पंचगंगेचं किंवा काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी बोअरच्या मानानं मऊ, उपनगरात जिथं बोअरवर भागवतात तिथं मात्र पाणी जड असतं आणि तापल्यावर त्यातला चुना पांढरे खवले होऊन खाली बसतो. शॉवरच्या भोकांना पांढरं लागतंय का बघा, तिथं लागत असेल तर सोलरमध्ये कितीतरी पट साचलेलं असणार. आमच्याकडं बोअरचंच पाणी आहे, चार वर्षांनी पहिल्यांदा ट्यूब काढल्या तेव्हा तळाला वीतभर चिखल नि खवले निघाले, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटलं की हे आधी का नाही केलं. बोअर असेल तर वर्षातून एकदा, नळाचं पाणी असेल तर दोन वर्षांतून एकदा साफ करावं. काम पहाटे करायचं. आधी थंड पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करायची, मग एकेक ट्यूब हलक्या हातानं फिरवत काढायची. ५८ मिमी जाडीची १८०० मिमी लांब ट्यूब भरलेली असली की तिच्यात अडीच-पावणेतीन लिटर पाणी असतं, तेव्हा एकट्यानं करू नये, हातात जाड हातमोजे घालावेत. लिंबूसत्व पाण्यात विरघळवून आत भरून ठेवलं की बुडबुडे येत क्षार सुटतो, मग लांब दांड्याचा ब्रश फिरवायचा. परत बसवताना ट्यूबच्या तोंडाला आणि रबरी रिंगला साबणाचं पाणी लावलं की ती सहज बसते, रिंग कडक झाली असेल तर नवीनच टाकावी कारण गळती तिथूनच सुरू होते. आणि रिकाम्या ट्यूब उन्हात तशाच ठेवून दुपारी टाकी भरायची नाही, आतली काच २०० अंशाच्या वर तापलेली असते, गार पाणी लागलं की तडकते. एक जरी ट्यूब फुटली तरी सगळी टाकी तिथून रिकामी होते.

ट्यूबच्या टोकाला चांदीसारखा चकाकणारा भाग असतो, तो पांढरट दुधासारखा झाला की समजायचं आत हवा शिरली, ती ट्यूब बदलावी. बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.

काचा स्वच्छ आहेत, ऊन पण आहे, तरी गरम येत नसेल तर घरातले मिक्सर नळ बघा. मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या आणि पुढचा शॉवर बंद असं राहिलं की थंड पाणी गरम लाईनीत शिरतं. थंड नळाला कोमट पाणी येत असेल तर हेच, नाहीतर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) खराब झालाय. टाकीवरचा हवेचा पाईप पण मोकळा पाहिजे, तो तुंबला तर पाणी काढताना टाकी आत चेपते.

टाकीच्या आत मॅग्नेशियमचा रॉड असेल तर तो टाकीऐवजी स्वतः झिजतो, दोन वर्षांनी उघडून बघावा. गच्चीवरच्या पाईपवरचं, पाणी गरम ठेवणारं काळं फोम उन्हानं भुगा होतं, तेही बघावं, पाऊण इंची २० मीटर पाईपमध्ये पाच-सहा लिटर पाणी मावतं आणि ते सकाळी गारच येतं, ते बादलीत धरून भांड्याला वापरता येतं.

सावलीचं डिसेंबरात बघावं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इथं दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, पण २२ डिसेंबरला भर दुपारी क्षितिजापासून ५० अंशावरच, तेव्हा दक्षिणेला शेजारी नवा मजला चढला किंवा नारळ वाढला तर ती सावली नेमकी थंडीत पडते. उन्हाळ्यात सगळं घर आठवडाभर गावाला जाणार असेल तर ट्यूबवर ताडपत्री टाकून जावं, पाणी वापरलं नाही की उकळायला येतं.

जून ते सप्टेंबर इथला पाऊस बघता सगळा भार कॉईलवर. १०० लिटर पाणी २२ वरून ४५ अंशावर न्यायला पावणेतीन युनिट लागतात, म्हणजे २ किलोवॅटची कॉईल साधारण एक तास वीस मिनिटं, म्हणून रात्रभर चालू ठेवायची काही गरज नाही, पहाटे लावली की झालं. मे महिन्यातच इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं, कॉईलवर क्षाराचा थर असेल तर काढावा, टाकीत पाणी आहे याची खात्री केल्याशिवाय बटण दाबू नये, कोरडी कॉईल लगेच जळते. आणि घरातल्या प्रत्येकाला, पोरांना सुद्धा, सांगून ठेवावं की आधी बटण बंद, मगच अंघोळ.