धंद्याचा खर्च कुठला आणि घरचा कुठला? वजावटीच्या नियमामागची दोन शतकं

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला प्राप्तिकर भरायचा असतो तो नफ्यावर, म्हणजे जमेतून धंद्याचा खर्च वजा जाता जे उरतं त्यावर. ही वजावट सरकारची मेहेरबानी नाही. खर्च न वजावता आकारलेला कर हा उत्पन्नावरचा कर राहतच नाही, तो उलाढालीवरचा कर होतो. एवढं सगळ्यांनाच मान्य आहे. वाद होतो तो पुढच्या पायरीवर. एकट्याने काम करणाऱ्याचा फोन एक, गाडी एक, बसायची खोलीही बहुधा एकच. तिथे धंदा कुठे संपतो आणि संसार कुठे सुरू होतो, हे कुणी ठरवायचं?

फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा म्हणून पंतप्रधान विल्यम पिटने १७९९ मध्ये ब्रिटनमध्ये प्राप्तिकर आणला. युद्ध संपल्यावर, १८१६ मध्ये तो गेला आणि १८४२ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पीलने परत आणला. पीलच्या कायद्यातली कसोटी आजही अनेक देशांत टिकून आहे: पैसा संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठीच खर्च झालेला हवा, आणि स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या निर्वाहाचा खर्च वजा होणार नाही. भारतात जेम्स विल्सनने १८६० मध्ये प्राप्तिकर सुरू केला. १९२२ च्या कायद्यात भाडं, दुरुस्ती, कर्जावरचं व्याज, विमा, घसारा (वापराने यंत्रं-सामानाची घटणारी किंमत) अशी वजावटींची यादी होती, आणि यादीत न बसणाऱ्या खर्चासाठी शेवटी एक सर्वसाधारण कलम होतं. १९३९ च्या दुरुस्तीने त्या कलमात ही ब्रिटिश कसोटी आली. पुढे १९६१ च्या कायद्यात तीच कलम ३७ म्हणून परिचित झाली. अमेरिकेने १९१३ पासून घरगुती खर्च वगळलाच होता. १९१८ पासून तिथे खर्च 'सर्वसामान्य आणि आवश्यक' असावा असं ठरलं.

कागदावर ही कसोटी स्वच्छ दिसते. माणसाला लावली की ती किती कठोर होते, हे १९८३ च्या मॅलालियू विरुद्ध ड्रमंड या ब्रिटिश खटल्यात दिसतं. एका महिला बॅरिस्टरने कोर्टात घालायच्या काळ्या कपड्यांचा आणि त्यांच्या धुलाईचा खर्च वजा मागितला होता. नियमानुसार कोर्टात गडद रंगच लागतो आणि एरवी ती तसे कपडे घालत नसे. तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, नकार दिला. कपडे ऊब देतात आणि अंग झाकतात. तो हेतू तिच्या मनात जाणीवपूर्वक नसला तरी आहेच, म्हणून खर्च 'केवळ' व्यवसायासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या मते याहून महत्त्वाचा खटला कॅनडातला. टोरांटोच्या एका वकील महिलेने, जी आपल्या फर्ममध्ये भागीदार होती, मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवला. मुलांकडे बघायला कुणी नसेल तर ती ऑफिसला जाऊच शकत नव्हती. खालच्या न्यायालयाने १९८९ मध्ये तिचं म्हणणं मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ते फेटाळलं. मुलांच्या संगोपनासाठी कायद्यात वेगळी, मर्यादित वजावट आहे, तेवढीच घ्या, असा निकाल दिला. विरोधात गेलेली दोन्ही मतं त्या पीठावरच्या दोन महिला न्यायाधीशांची होती. व्यवसायाची गरज कशाला म्हणायचं हे आजवर पुरुषांच्या अनुभवावरून ठरत आलं आहे, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. पीलच्या कायद्याने निर्वाहाचा खर्च बाजूला काढला तेव्हा धंदा करणाऱ्या पुरुषाचं घर कुणीतरी बिनपगारी सांभाळतंय हे गृहीतच होतं.

घरातल्या ऑफिसची गोष्टही अशीच. अमेरिकेत १९७६ पासून अट आली की ती जागा नियमितपणे आणि फक्त कामासाठीच वापरलेली हवी. सॉलिमन नावाचे भूलतज्ज्ञ तीन रुग्णालयांत काम करत. एकाही ठिकाणी त्यांना बसायला खोली नव्हती, म्हणून नोंदी आणि बिलं ते घरच्या एका खोलीत करत. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये त्यांची वजावट नाकारली, कारण मुख्य काम रुग्णालयात होतं. हे फारच झालं हे तिथल्या संसदेलाही पटलं. १९९७ मध्ये कायदा बदलला आणि तो १९९९ पासून लागू झाला.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. ब्रॉडवेचा नट आणि निर्माता जॉर्ज कोहन प्रवासावर आणि पाहुणचारावर भरपूर खर्च करी, पण हिशेब ठेवत नसे. कर अपील मंडळाने वजावट शून्य धरली. १९३० मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी सांगितलं की खर्च झालाच आहे हे मान्य असेल तर शून्य म्हणता येणार नाही. अंदाज करा, हवं तर हात आखडता घ्या, कारण हिशेब न ठेवण्याचा दोष त्याचाच आहे. या उदारपणाचा पुढे इतका फायदा उठवला गेला, की १९६२ मध्ये प्रवास, पाहुणचार आणि भेटवस्तू यांच्यासाठी रक्कम, तारीख, ठिकाण आणि कारण यांची नोंद सक्तीची झाली.

पावत्यांच्या या जाचातूनच ठोक पद्धत, म्हणजे प्रत्यक्ष खर्च न मोजता ठरावीक दराने हिशेब धरायची रीत, पुढे आली. अमेरिकेत २०१३ पासून घरच्या ऑफिससाठी दर चौरस फुटाला ५ डॉलर, कमाल ३०० चौरस फूट, असा सोपा पर्याय मिळाला. भारतात १९९४ मध्ये आधी बांधकाम कंत्राटदार आणि ट्रकमालक यांच्यासाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आली. २००९ च्या अर्थसंकल्पाने ती बहुतेक छोट्या धंद्यांना खुली केली: उलाढालीच्या किमान ८ टक्के नफा दाखवा, वह्या मागणार नाही. २०१६ मध्ये डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांसाठी जमेच्या निम्मी रक्कम नफा धरायची सोय झाली. २०१७ मध्ये बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ८ चे ६ टक्के झाले. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात, ज्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, या तरतुदी कलम ५८ मध्ये एकत्र केल्या आहेत.

ज्याचा खर्च कमी, त्याला ही सोय फार मोलाची. पण एकदा हा मार्ग धरला की भाडं, मदतनिसाचा पगार, घसारा यांतलं काहीच वेगळं वजा होत नाही. ते सगळं त्या टक्केवारीत आलेलं मानतात. एखाद्या वास्तुविशारदाचे जमेतले सत्तर टक्के ऑफिसभाडं आणि ड्राफ्ट्समनच्या पगारात जात असतील, तर कायदा त्याचा नफा पन्नास टक्के धरतो, प्रत्यक्षात हातात राहतात तीस. खरा नफा दाखवायचा आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर त्याला हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात आणि सीएकडून लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं, आणि त्याची फी वर द्यावी लागते.